मनगट पुढे केलं

हिदार १

बावीस वर्षांची झाले, कॉलेजात तीन वर्षं काढली, आणि आज कळलं — मला हात धुता येत नाहीत.

पहिल्याच तासाला सिस्टर शाशितूंनी कॉफीच्या भांड्याच्या बुडाची काजळी तेलात कालवली आणि चमचा चमचा आमच्या तळहातावर घातली. आम्ही दोघंच विद्यार्थी आहोत या आरोग्य केंद्रावर, मी आणि मेलाकु. मग आमच्याच शाली आमच्या डोळ्यांवर बांधल्या. "धुवा. झाले वाटले की सांगा." मी चांगलं शंभरपर्यंत मोजत धुतले. साबण दोनदा लावला. मनात म्हणतेय, ही बाई आम्हाला बालवाडीत बसवते की काय! डोळे सोडले तर दोन्ही अंगठे काळेकुट्ट. बोटांच्या बेचक्या काळ्या, नखांच्या कडा काळ्या, डाव्या हाताची पाठ तर मी शिवलेलीच नव्हती. मेलाकुच्या तर नाकालाही लागलं होतं, ते कसं ते त्यालाच ठाऊक.

"हे काळं आहे म्हणून दिसलं," सिस्टर म्हणाल्या. "जे दिसत नाही तेही रोज एवढंच उरतं. आणि ते घेऊन तुम्ही माणसाच्या कातड्याच्या आत जाणार."

संध्याकाळपर्यंत अकरा वेळा धुतले. अंगठे अजून करडेच आहेत.

हिदार २

सिस्टरांनी आमची नखं कापली. स्वतः, मांडीवर हात घेऊन. आईनेही कधी इतकी खोल कापली नव्हती. अंगठी काढून पेटीत ठेवली.

हिदार ४

मागच्या ओसरीत कोळशाच्या शेगडीवर ऑटोक्लेव्ह ठेवतात. मोठा पितळी हंडा म्हणावा असा, वर काटा असलेला. चिमटे, कात्र्या, गॉज कापडात गुंडाळून वर एक फिकट पट्टी चिकटवायची. वाफ कोंडली, काटा चढला की तिथून अर्धा तास. मी तिथेच बसून राहिले. झाकण उघडल्यावर पाहते तर पट्टीवर काळ्या रेघा उमटलेल्या! शाई नाही, लेखणी नाही. मी किती वेळ ती पट्टी हातात धरून बघत होते कुणास ठाऊक.

मी म्हटलं, "म्हणजे आत आता काहीच जिवंत नाही?"

"पट्टी म्हणजे टपालाचा शिक्का," सिस्टर म्हणाल्या. "पत्र पोस्टातून गेलं एवढं कळतं. आत काय लिहिलंय ते शिक्का सांगत नाही. गठ्ठा नीट बांधलाय का, ओला तर नाही, वेळ पुरी दिली का — ते ज्यानं केलं त्यालाच माहीत."

"आणि त्यानं खोटं सांगितलं तर?" मेलाकु.

सिस्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून शेगडीला वारा घालायला लागला.

हिदार ५

आज बेरेकिना. कपडे पांढरे करायचं, बाजारात बाटलीत मिळतं तेच. एक माप बेरेकिना, नऊ मापं पाणी, रोज ताजं. वापरलेली हत्यारं आधी दहा मिनिटं त्यात, मगच घासायची.

हे काम एतिये बोसेना करतात. झाडणं, हत्यारं घासणं, शेगडी पेटवणं, सगळं त्यांचंच. मेलाकुने काल 'एतिये', म्हणजे ताई, न लावता त्यांना नुसतं 'बोसेना' म्हटलं, तर आज त्याला चहा नाही. मला आहे. लिहिता वाचता येत नाही त्यांना. टोमॅटोच्या रिकाम्या डब्याचं माप केलंय, आत खिळ्याने रेघ ओढली आहे. डोळ्यांच्या पातळीला डबा धरून ओततात, श्वास रोखून. नऊ मापं मोजताना कुणी बोललं तर सगळं ओतून देतात आणि पुन्हा पहिल्यापासून! मी मध्येच "किती झाली?" विचारलं आणि शिव्या खाल्ल्या.

"सतरा वर्षं मोजतेय पोरी," म्हणाल्या. "माझी स्वतःची पोरं किती ते एखाद्या दिवशी चुकेन, हे नाही चुकणार."

हिदार ७

रविवार. चर्च, मग झोप. हातांना साबणाने भेगा पडल्यात, तेल लावलं.

हिदार ९

टाके. बकऱ्याच्या कातड्यावर सराव. सुई सरळ आत, मनगट फिरवायचं, सुई आपल्याच वाटेने वर येते — ढकलायची नाही. ढकलली की वाकते. माझ्या तीन वाकल्या. गाठ बसली की कडा नुसत्या भेटल्या पाहिजेत, आवळायच्या नाहीत. आवळल्या की खाली रक्त पोचत नाही, मांस गुदमरतं.

दुपारी जेवताना मेलाकुने इंजेराच्या भाकरीचे दोन तुकडे घेऊन त्यांना टाके घालायला सुरुवात केली. सिस्टर मागे उभ्या. "तिला मुळात हजार भोकं आहेत, तू आणखी कशाला पाडतोस?" तो लाल. मग त्याच तुकड्यावर त्यांनी स्वतः एक टाका घातला. इंजेरा फाटली नाही! इतकी मऊ, ओली, आणि फाटली नाही. बोटं बघत होते मी त्यांची. जाडजूड, सांधे सुजलेले, साठीच्या जवळची बोटं. सुईला काही सांगावंच लागत नव्हतं त्यांना.

मेलाकुने तो तुकडा खाल्ला. दोऱ्यासकट, आधी लक्षातच आलं नाही त्याच्या.

हिदार १२

सगळं गाव धुरात. आज घरोघर अंगणातला कचरा जाळायचा दिवस. शंभर वर्षांपूर्वी साथ आली होती, माणसं पुरायला माणसं उरली नव्हती. तेव्हापासून हिदार महिन्याच्या बाराव्याला धूर. लहानपणी आम्ही आगीवरून उड्या मारायचो, खोकत खोकत.

सिस्टरांनी टाक्यांच्या खोलीच्या खिडक्यांना ओली फडकी लावून घेतली. मला वाटलं आता या धुराला नावं ठेवतील. तर बाहेर येऊन त्यांनीही आमच्या फाटकापाशी कचरा पेटवला. म्हणाल्या, "माझी पणजी त्या साथीत गेली. जंतू कुणी पाहिला नव्हता तेव्हा. पण काहीतरी आहे, दिसत नाही, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जातं — एवढं ओळखलं त्यांनी. हातात होती ती आग, ती लावली." मग डोळे पुसून मला, "आत जा तू. केसांना धूर लागेल, उद्या गळू कापायचंय."

धूर डोळ्यांत गेला होता की काय, नाही सांगता येत.

हिदार १३

गळू मी कापलं!! सिस्टर शेजारी उभ्या. मांडीवर होतं, अंजिराएवढं, बाई चार रात्री झोपली नव्हती. सुरीचं टोक टेकवलं आणि आतून दाब इतका की पू उसळूनच आला. वास असा की मेलाकु खिडकीकडे. आणि बाईचा चेहरा! आधी सगळा आवळलेला, मग एका क्षणात सुटला. म्हणाली, "देव तुझे हात राखो." आणि तिथेच टेबलावर झोपली.

मी टाका घालायला सुई मागितली. सिस्टरांनी हात धरला. "पू झालेली जखम कधी शिवायची नाही. दार उघडंच ठेवायचं. घाण आत कोंडून वरून छान शिवलंस, तर ती आत आणखी वाढते."

हे वहीत दोनदा अधोरेखित केलं.

हिदार १४

उद्यापासून नाताळचा उपास, म्हणून आज बोसेनांकडे कोंबडीचा रस्सा. सिस्टरही होत्या, मेलाकुही (त्याला माफी मिळाली). बोसेनांनी इंजेरात रस्सा लपेटून मोठा घास केला आणि आधी सिस्टरांच्या तोंडात दिला. मग माझ्या. एक घास दिला तर भांडण होतं, म्हणून दुसरा. माझं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडे! दोन आठवड्यांत मी वेडी झालेय. बेरेकिनाने पांढरी पडलेली बोटं, आणि मी नखांच्या कडा तपासतेय.

सिस्टरांनी ते पाहिलं. वाटेत म्हणाल्या, "घास घेताना हात बघायचा नाही, माणूस बघायचं. खोलीत मात्र माणूस बघायचं नाही, हात बघायचा. दोन्ही करता आलं पाहिजे."

हिदार १७

उद्या माझी पहिली शस्त्रक्रिया. मी कापणार, सिस्टर मदतीला. वुबनेह नावाचा विणकर आहे, चाळिशीचा. उजव्या हातावर, कोपराच्या खाली चरबीची गाठ. दुखत नाही, पण धोटा फेकताना मागाच्या लाकडावर आपटते. हात हेच त्याचं पोट. पाच तास चालून आलाय, गावात बहिणीकडे उतरलाय. त्याने विचारलं, "बाई, धोटा फेकता येईल ना?" मी म्हटलं, "येईल." आवाज कुठून आला इतका ठाम, देव जाणे.

नीट झालं की सिस्टर माझ्या कॉलेजच्या प्रात्यक्षिक वहीत सही करणार.

उपासाचा तिसरा दिवस. दुपारपर्यंत पोटात काही नाही, आणि हात थरथरतील की काय ही भीती. सिस्टर म्हणाल्या, "उपास तुझा आहे, सुईचा नाही. सकाळी थोडं खाऊन ये, पाप मी घेते माझ्या डोक्यावर."

हिदार १८

कसं लिहू. आधी चांगलं लिहिते.

गाठ सबंध निघाली. कातडीखाली बोट फिरवलं आणि ती आपसूक सुटत गेली, पिवळी, गुळगुळीत, लोण्याच्या गोळ्यासारखी. खाली स्नायू, लाल, चकचकीत. वुबनेहने बोट हलवलं तर तो आत सरकला! माझ्या डोळ्यांसमोर. माग चालवणारा दोर आहे तो, आणि माझ्या बोटापासून एका नखाच्या अंतरावर. मला रडूच यायचं बाकी होतं. सहा टाके घातले. सुई एकही वाकली नाही. सिस्टर म्हणाल्या, "बरं जमलं." त्यांच्या तोंडून 'बरं' म्हणजे काय ते मेलाकुला विचारा. सही केली.

आता दुसरं.

हात धुतले, निर्जंतुक हातमोजे चढवले, आयोडीन लावलं, कापडं अंथरली, भूल टोचली. भूल चढेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात फाटकावर ओरडा, कुणाच्या तरी लेकराला झटके आलेले. सिस्टर मेलाकुला घेऊन धावल्या. जाता जाता, "हात छातीशी धरून उभी राहा. कशाला शिवू नकोस." मी उभी. वुबनेहचं तोंड भिंतीकडे, वर कापड.

पडदा सरला आणि एक म्हातारा आत आला. पांढरी शाल, हातात काठी. वुबनेहचा बाप, आबा किंदे. ऐंशीचे तरी असतील, तेही पाच तास चालून. मला पाहून काठी भिंतीला लावली, वाकले, आणि हात पुढे केला.

आणि मी मनगट पुढे केलं.

विचारच केला नाही. हात ओले असोत, पिठाचे असोत, जेवतानाचे असोत, मोठं माणूस आलं की आम्ही मनगट पुढे करतो, ते मनगट धरतात. चालता यायला लागल्यापासून करतेय. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. धुळीचे, काठी धरून घट्टे पडलेले हात. मोज्याच्या काठावर, तळव्यापर्यंत. "लेकरा, त्याला सांभाळ," म्हणाले. आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. तिथून पडद्याच्या फटीतून माझ्याकडेच बघत होते.

कपाटात मोज्यांची दुसरी जोडी होती. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी स्वतःला वेगळं सांगणार नाही. जोडी होती. पण त्यांच्या डोळ्यांदेखत हातातले मोजे काढून फेकायचे? म्हणजे तुम्ही घाण आहात असं तोंडावर सांगायचं? ऐंशी वर्षांच्या माणसाला, ज्याने मला लेकरू म्हटलं?

सिस्टर परत आल्या. विचारलं, "सगळं ठीक?"

म्हटलं, "ठीक."

हिदार १९

मनगटच होतं. तळव्याला जेमतेम लागलं असेल. गोळ्या दिल्यात त्याला. काही होणार नाही.

हिदार २१

मरियमचा सण. सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत. मी मात्र केंद्रावर, ड्रेसिंग बदललं. टाक्यांच्या कडा लाल. हात लावला तर गरम.

सिस्टर म्हणाल्या, "तिसरा दिवस आहे. थोडं असतंच." पण दोनदा वाकून पाहिलं त्यांनी.

हिदार २३

पू. दोन टाक्यांच्या मधून, पिवळा. वुबनेहला ताप, कोपरापासून बोटांपर्यंत सूज. बोटं मिटता येत नाहीत त्याला. मी म्हटलं, मिटा, तर तो प्रयत्न करून माझ्याकडेच पाहत राहिला.

सिस्टरांनी सगळे टाके काढले. माझे सहा. दार उघडं केलं, धुतलं, आत गॉज भरला. म्हणाल्या, "आणखी दोन दिवसांत उतरलं नाही तर मोठ्या इस्पितळात. पू स्नायूत शिरला तर हात वाचला तरी बोटं आखडतील." आबा किंदे दारात उभे होते. त्यांनी ऐकलं.

सतरा वर्षांत या खोलीतल्या साध्या गाठीची जखम अशी धरली नव्हती, असं सिस्टर म्हणतात. त्यांना काही सुचेना. मला सगळं सुचत होतं.

हिदार २४

आज केंद्रप्रमुखांनी सगळ्यांना ओसरीत बोलावलं. हत्यारं कुणी उकळली, गठ्ठा कुणी बांधला, बेरेकिना कुणी कालवली. ऑटोक्लेव्हची वही नीट, पट्ट्या नीट. मग त्यांनी बोसेनांचा टोमॅटोचा डबा उचलला. उलटसुलट केला. म्हणाले, "हे माप? खिळ्याची रेघ? आपण इथे आरोग्य केंद्र चालवतो की चहाची टपरी?"

बोसेना काहीच बोलल्या नाहीत. पहिल्यांदाच. त्यांना उद्यापासून अंगणातलं गवत काढायचं काम दिलंय, महिन्याअखेर काय ते ठरवणार.

चारजण उभे होते ओसरीत. त्यातली एक मी. तोंड उघडलं नाही. सिस्टर माझ्याकडे पाहत नव्हत्या, डब्याकडे पाहत होत्या. अस्वस्थ होत्या, डब्यावर त्यांचाही विश्वास बसत नव्हता.

पू झालेली जखम शिवायची नाही. दोनदा अधोरेखित केलंय मीच.

हिदार २५

सांगितलं.

सिस्टर गॉज कापत होत्या. मी पाठ केलं होतं काय बोलायचं ते, सगळं विसरले. म्हटलं, "बोसेनांचं माप बरोबर होतं. माझा मोजा बाटला होता. मला माहीत होतं."

कात्री खाली ठेवली त्यांनी. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारायला सुरुवात केली. कुठला हात? उजवा. कुठे धरलं? मनगटावर, मग तळव्याला. मग त्या हाताने आधी काय उचललंस? सुरी. जखमेत बोट कुठलं घातलंस? तेच. किती वेळ? प्रत्येक उत्तर केंद्राच्या वहीत लिहिलं. माझं नाव, तारीख.

मग, "मोजे बदलले का नाहीस?"

"ते समोर बसले होते. त्यांना वाटलं असतं..."

"म्हणजे बापाची इभ्रत राखलीस आणि पोराचा हात घालवलास." आवाज चढवलासुद्धा नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी रडत होते. नंतर त्याच पानावर खाली आणखी एक ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे वळवली. 'शस्त्रक्रियेच्या वेळी दारावर कुणालाही न ठेवता मी खोली सोडली. शाशितू.' म्हणाल्या, "मीही यात आहे. आता जा. आधी बोसेनाकडे, मग प्रमुखांकडे, मग त्या दोघांकडे. आणि म्हाताऱ्याच्या हाताला दोष देऊ नकोस. हात तुझा होता."

माझ्या वहीतली सही त्यांनी एका रेघेने खोडली.

हिदार २५, पुढे

बोसेना गवतात बसल्या होत्या. ऐकून घेतलं. विळा चालूच. "काल ते माझ्या डब्याला हसले तेव्हा तू तिथेच होतीस," म्हणाल्या. "ज्या तोंडात मी घास घातला ते तोंड मिटून उभी होतीस."

गवत उपटायला बसले त्यांच्याजवळ. त्यांनी मला उठवलं नाही, बोलल्याही नाहीत.

प्रमुखांनी डबा परत दिला. माफी वगैरे नाही, नुसता दिला.

हिदार २६

वुबनेहच्या बहिणीकडे गेले. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. अंगणात दोघं बसले होते, बाप मुलाचा सुजलेला हात उशीवर ठेवून. उभ्यानेच सांगितलं सगळं. मला माहीत होतं, मी बदलले नाहीत, सिस्टरांना खोटं बोलले.

वुबनेह म्हणाला, "मी तुला धोट्याचं विचारलं होतं. तू येईल म्हणालीस." बस्स. तोंड फिरवलं.

आबा किंदेंनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि बघत राहिले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. जे टाळण्यासाठी सगळं केलं तेच शेवटी होत होतं, त्यांना आपल्या हातांकडे असं बघावं लागत होतं. मी म्हटलं, "आबा, तुमच्या मनाला लागेल म्हणून मी..."

"थांब," म्हणाले. "मी चर्चच्या गाभाऱ्यात कधी गेलोय का?"

"नाही. तिथे पुरोहितच जातात."

"ऐंशी वर्षं झाली. त्या दारापलीकडे पाऊल टाकलं नाही. ज्या दिवशी अंग शुद्ध नसतं त्या दिवशी आवारातही जात नाही, फाटकालाच ओठ टेकतो आणि परत येतो. माझा कुणी अपमान केला असं तुला वाटतं?"

"तुझ्या त्या पडद्याच्या आत गाभारा आहे हे मला कुणी सांगायचं? दाराशी असतं त्यानेच ना? 'आबा, मागे सरा' म्हणाली असतीस तर दहा पावलं मागे सरलो असतो. तिथूनच प्रार्थना केली असती." मग, "म्हातारा अडाणी आहे, त्याला कळणार नाही, असं वाटलं तुला. ते मात्र लागलं."

तीन वर्षं पुस्तकं वाचली मी. निर्जंतुक जागा, तिची सीमा, सीमेच्या आत कोण, बाहेर कोण. पानंच्या पानं. आणि या माणसाने एकही पान न वाचता ते लहानपणापासून पाळलंय! मान खाली घालून उभी राहिले. जाताना त्यांनी हात पुढे केला नाही. दोन्ही हात छातीशी घेऊन वाकले. मीही.

हिदार २७

ताप उतरला. सूजही, थोडीच. मोठ्या इस्पितळात न्यायला नको म्हणाल्या सिस्टर, निदान आज तरी.

हिदार २९

जखमेच्या तळाशी लाल दाणे आले आहेत. लाल मसूर भिजवल्यावर दिसते तसे, ओले, गच्च. सिस्टर म्हणाल्या हेच नवं मांस. बघत राहिले. आपण फक्त धुतो आणि झाकतो. बाकी ते स्वतः करतं, तळापासून वर, न विचारता, जिने बिघडवलं तिच्यासमोर. रोज दोनदा ड्रेसिंग मीच करते. वुबनेह भिंतीकडे बघतो, मी हाताकडे.

हिदार ३०

मेलाकु आज कॉलेजला परत गेला. त्याची वही पूर्ण, शिक्क्यासकट. माझ्या वहीत 'अपूर्ण — पुन्हा एक महिना'. कॉलेजातून पत्र आलंय, वर्गाबरोबर पदवी मिळणार नाही. आईला फोन केला. आई म्हणाली, "खोटं बोलली असतीस तर?" म्हटलं, बोलले होते.

मेलाकु जाताना म्हणाला, "कुणाला कळलंही नसतं, फान्ताये." त्याला टोमणा मारायचा नव्हता. खरंच तसं वाटतं त्याला. सगळ्यांनाच वाटत असेल. गाडीत बसेपर्यंत माझ्या नजरेला नजर दिली नाही.

ताहसास ३

बोसेनांनी आज हाक मारली. "ए मनगटवाली, शेगडीला वारा घाल." आठ दिवसांनी पहिला शब्द. घातला वारा.

ताहसास ९

जखम भरत आली. वुबनेहने आज दोरीचं रीळ हवेत फेकून उजव्या हाताने झेललं. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा झेललं. माझ्याकडे बघितलं नाही, पण पुन्हा फेकलं — माझ्या दिशेने. मी झेललं. "व्रण मोठा राहील," मी म्हटलं. "राहू दे," म्हणाला. आबा किंदे पडद्याच्या बाहेर उभे होते, उंबऱ्याला काठी लावून. आत या म्हटलं तरी आले नाहीत. "ड्रेसिंग झालं की सांग," म्हणाले.

खोलीच्या दाराशी लाल रंगाची रेघ ओढली आहे आता. बोसेनांनी ओढली, मोजून.

ताहसास १२

दुपारी सिस्टरांनी खोलीचं दार लावून घेतलं, माझ्याकडे पाठ केली आणि झगा खांद्यावरून उतरवला. उजव्या खांद्याच्या पात्याखाली गाठ, लिंबाएवढी. सात वर्षं झाली म्हणाल्या, आता आडवं झालं की टोचते. "उद्या सकाळी काढायची. तू."

मी म्हटलं, "सिस्टर, मोठ्या इस्पितळात इतके सर्जन आहेत. माझी तर सहीसुद्धा खोडलीत तुम्ही."

"मागे काय चाललंय ते मला दिसणार नाही," त्या झगा सारखा करत म्हणाल्या. "तू सांगशील."